यात्रेत बैल पळवावेत का, घोडे नाचवावेत का? एका पशुवैद्यकाचं उत्तर

चोपडा तालुक्यातल्या एका गावच्या यात्रा कमिटीत नव्याने घेतलेल्या तरुणाचा प्रश्न आहे. यंदा यात्रेला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरवायचा आणि मिरवणुकीत नाचणारे घोडे आणायचे, असं कमिटीत जवळपास ठरलंय. पुण्याला शिकणारी बहीण म्हणते, "मुक्या जिवाला त्रास देऊन कसली करमणूक? तुझं नाव त्यात नको." घरचे आबा म्हणतात, "पट बंद पडले तर बैल पाळेल कोण? आणि एवढी दया येते तर मटण कशाला खाता?" त्याला दोघांचंही थोडंथोडं पटतं. मग बरोबर काय, आणि बैठकीत बोलायचं काय?

भाऊ, मी ढोरांचा डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं तापीच्या दोन्ही काठांवर गेली. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आणि गावोगावच्या यात्रांमध्ये ड्युट्या केल्या. आता निवृत्तीनंतर खासगी बघतो. त्यामुळे माझं उत्तर पोथीतून येणार नाही, जनावराच्या तोंडातून, नाकातून आणि शेपटीतून येईल.

जनावर संमती देऊ शकत नाही, हे तुमच्या बहिणीचं म्हणणं खरं आहे. पण जनावर नकार देतं, आणि तो चांगला स्पष्ट देतं. वखर ओढता ओढता बैल बसतो. घोडा कान मागे पाडतो, शेपूट झटकतो, मान वर फेकतो. गाय दूध चोरते. हे कुणा खान्देशी शेतकऱ्याला शिकवायला नको. मी फक्त एवढं बघतो की त्या नकाराचं पुढे काय होतं. भर उन्हात बैल बसला तर जाणता सालदार जू सोडतो, पाणी दाखवतो, सावलीला नेतो. त्याला दया येते म्हणून असेल किंवा बैल मेला तर पेरणी बुडेल म्हणून असेल, पण बैलाचं "नाही" तिथे थोडंफार चालतं. यात्रेत लोक जमलेले असतात, माईक चालू असतो, बक्षीस लागलेलं असतं. तिथे बैलाला बसायची सोय नसते. त्याचा नकार मोडायला मग माणसाच्या हातात काहीतरी लागतं. ते काय आहे ते बघा. कार्यक्रम करावा की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

आधी घोड्यांचं सांगतो, कारण त्यात लोकांचा गैरसमज सगळ्यात मोठा आहे.

सारंगखेड्याची यात्रा तुम्ही पाहिलीच असेल. शहादा तालुक्यात तापीकाठी, एकमुखी दत्ताची, दत्तजयंतीला सुरू होणारी. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरातहून घोडे येतात. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे. बाजार म्हणून मला त्यात वावगं काही वाटत नाही. थंडीचे दिवस असतात, नदी जवळ असते, आणि बहुतेक मालक विकायला आणलेल्या जनावराला जपतातच. गिऱ्हाईक घोडा पंचकल्याणी, म्हणजे चार पाय आणि कपाळ पांढरं असलेला, आहे का बघतो, भोवरे कुठे आहेत बघतो, कानांची टोकं एकमेकांना टेकतात का बघतो. मी तोंड उघडून बघतो.

घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे रिकामी हिरडी असते. लगामाची कडी तिथेच बसते. वर पातळ कातडी आणि खाली सरळ हाड, मधे गादी म्हणून काहीच नाही. नाचणाऱ्या घोड्याच्या या जागेवरून बोट फिरवलं की बरेचदा हाडावर गाठ लागते, कडक, हरभऱ्याएवढी. जिभेवर आडवी, भरून आलेली चीर असते. ओठांच्या कोपऱ्यातली कातडी केस गेलेली, राठ, फिकट पडलेली असते. हे काटेरी लगामाचं काम. कडीला आतल्या बाजूने दाते असतात आणि स्वाराने मनगट नुसतं वळवलं तरी ते रुततात. अशा घोड्याचा मालक कौतुकाने सांगत असतो, "मना घोडा कसा नाचस, देखा डाक्टर." मी बघतो, घोड्याच्या तोंडाचा फेस किंचित गुलाबी असतो. नुसता पांढरा फेस असेल तर घाबरायचं कारण नाही, लगाम चघळताना तो येतोच. गुलाबी आला की आत रक्त आहे.

नाच म्हणजे नेमकं काय होतं तेही समजून घ्या. लगाम ओढून घोड्याला पुढे जाऊ द्यायचं नाही आणि त्याच वेळी टाच किंवा काठी टोचून मागेही थांबू द्यायचं नाही. पुढची वाट बंद, मागची बंद. मग तो जागच्या जागी पाय उचलतो. ढोल त्याच्या पायांवर वाजत असतो, घोडा काही ढोलावर नाचत नसतो. पाय उंच उचलावेत म्हणून शिकवताना पुढच्या नळीच्या हाडावर छडीने मारतात. तिथे मांस नसतंच, त्यामुळे मार थेट हाडाला लागतो.

हे सगळं न करता घोडा शिकवता येत नाही का? येतो. हलका लगाम, आवाज, गूळ-चणे आणि रोज थोडा वेळ, अशा पद्धतीने शिकवणारे जुने लोक मी पाहिलेत आणि त्यांचे घोडे तोंड न उघडता, कान पुढे ठेवून पाय उचलतात. पण त्याला महिनोन्‌महिने लागतात. दत्तजयंतीच्या आत घोडा नाचता झाला तर भाव चढतो, तारीख गेली की वर्ष गेलं. घाई पैशाची असते आणि ती घोड्याच्या हिरडीतून वसूल होते. म्हणून कमिटीने घोडा बोलवायचाच ठरवला तर एक काम करा. ठरवायला जाल तेव्हा लगाम हातात घेऊन बघा, आणि नालबंदाला किंवा डॉक्टरला घोड्याचं तोंड बघायला सांगा. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राने १९६५ मध्ये केलेल्या नियमांतही काटे असलेल्या लगामाला आणि टोकदार काठीला मनाई आहे. म्हणजे हे कुणा परदेशी संस्थेने काल-परवा काढलेलं खूळ नाही.

त्याच नियमांत एक कलम खान्देशाने फ्रेम करून लावावं असं आहे. जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत अशा जनावराला कामाला लावायचं नाही. जळगाव-भुसावळला एप्रिल-मे महिन्यांत ३७ अंश म्हणजे गारवा झाला. आपल्याकडची लग्नं त्याच दिवसांत. टळटळीत दुपारी डांबरी रस्त्यावर, डीजेच्या भिंतीला खेटून, नवरदेव पाठीवर घेऊन घोडी तासन्‌तास उभी असते आणि नंतर रात्री माझ्याकडे फोन येतो, घोडी लोळतेय. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात कोंडलेलं बाहेर पडायला वाट नसते आणि पाणी कमी पडलं की आतडं तुंबतं. काही घोड्या वाचतात, काही नाही. ज्यांच्या लग्नात ती नाचली ते तोवर जेवून झोपलेले असतात.

जाता जाता एक कामाचं. घोडे बाहेरून येणार असतील तर ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला मागा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. यात नीतीचा वगैरे प्रश्न नाही, साधी अक्कल आहे.

आता शंकरपट. तुमचा खरा प्रश्न तोच आहे, म्हणून जरा सावकाश बोलतो.

पटाला मी सरसकट शिव्या देणार नाही. थोडक्या सेकंदांची धाव असते. जोडी चांगली जुळलेली असली, दोघांची चाल एक असली, हाकणारा नुसत्या आवाजावर पळवणारा असला, तर बैल ती धाव धावतो आणि पाच-दहा मिनिटांत शांत उभा राहून रवंथ सुरू करतो. रवंथ ही माझ्या दृष्टीने मोठी साक्ष आहे. दुखणारा किंवा घाबरलेला बैल रवंथ करत नाही. मे महिन्यात शेतातून रस्त्यापर्यंत केळीचे घड वाहणाऱ्या गाडीचा बैल पटाच्या बैलापेक्षा किती तरी जास्त सोसतो, हेही खरं आहे, आणि त्याच्यावर कुणी याचिका करत नाही. आबांना हे सांगितलंत तर ते खूश होतील. पण त्यामुळे पट चांगला ठरत नाही, केळीची गाडी वाईट ठरते एवढंच.

बैलाची ठेवण मुळात पळायची नाही. पोटात चारा-पाण्याचा पन्नास-साठ किलोंचा कोठा घेऊन तो फिरतो. दोन नख्यांचा खूर, जड खांदा, अंग गार करायला घोड्याइतका घाम नाही. तो ओढणारा प्राणी आहे. तो जीव खाऊन पळतो ते बहुधा भीतीने. आता भीती कुठून आणायची, हा हाकणाऱ्याचा प्रश्न असतो.

पट संपल्यावर मी बैलाच्या मागे जातो, तोंडाकडे नंतर. शेपटीचा बुंधा धरून खालपर्यंत चाचपत जायचं. निरोगी शेपटीचे मणी एकाखाली एक सुटे, सारखे लागतात. पटाच्या कित्येक बैलांना मधेच गाठ लागते, शेपटी तिथे वाकडी असते, पुढचा भाग थंड आणि लुळा. पिरगळून किंवा चावून मोडलेला मणी वेडावाकडा सांधला गेलेला असतो. हो, चावून. माणसं बैलाची शेपटी दातांनी चावतात, आणि हे इतकं रुळलेलं आहे की कुणाला सांगायची लाजही वाटत नाही. नंतर मांडीच्या आतल्या बाजूला बघायचं, आर म्हणजे टोकदार खिळा लावलेल्या पराणीचे, हाकायच्या काठीचे, टोचे तिथे सापडतात, कारण तिथले केस विरळ आणि प्रेक्षकांना ती जागा दिसत नाही. खिशात मावणाऱ्या बॅटरीच्या यंत्राचा झटका देतात, त्याची खूण राहत नाही. पण ते यंत्र खिशातून नुसतं काढलं तरी बैलाचे डोळे पांढरे होतात. त्याला ओळख असते.

सुया टोचणं हा आणखी एक प्रकार. लंगडा बैल पटाच्या सकाळी अचानक चांगला चालायला लागतो, कारण वेदनाशामक दिलेलं असतं. दुखणं जात नाही, फक्त कळेनासं होतं, आणि तो त्याच दुखऱ्या पायावर पूर्ण जोर देऊन पळतो. वर ही औषधं कुठली असतात याचा पत्ता नसतो. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही आली. तरी माणसांच्या दुकानातून आणलेल्या बाटल्या यात्रेत फिरतात.

कायद्याचं थोडक्यात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतला बैलांचा खेळ जल्लीकट्टू आणि त्याबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती बंद केल्या. त्या निकालात न्यायालयाने म्हटलं होतं की बैल हा शर्यतीचा प्राणी नाही, आणि भूक-तहान, वेदना, भीती यांपासून मोकळीक हा जनावराचा हक्क मानला होता. २०१७ मध्ये आपल्या राज्याने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. ती न्यायालयांत अडकली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना तात्पुरती वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. म्हणजे आज पट कायदेशीर आहे, पण अटींवर. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी, धाव एक हजार मीटरपेक्षा जास्त नाही, काठी-चाबूक-विजेचा झटका काही नाही, बैलांची डॉक्टरकडून तपासणी, सगळ्याचं चित्रीकरण. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मूळ १९६० च्या कायद्यात जनावराला छळण्याचा पहिला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, हे आठवलं तर राज्याची दुरुस्ती कागदावर चांगलीच कडक आहे.

कागदावर म्हणतो, कारण तपासणी करणारा डॉक्टर मी होतो. सकाळी मैदानावर शेकडो जोड्या, डॉक्टर एक, टेबल एक, शिक्का एक. पुढारी उद्घाटनाला येऊन बसलेले. कुणाचा बैल बाद केला की अर्ध्या मिनिटात फोन हातात देतात, "साहेबांशी बोला." अशा वातावरणात दिलेल्या दाखल्याला मी स्वतः किती किंमत देतो ते सांगत नाही. हजार मीटर मोजणारा असतो, शेपटी मोजणारा कुणी नसतो.

तर माझं मत असं. पट मुळातच पाप आहे असं मला वाटत नाही. काठी, पराणी, शेपटीला हात, झटका, सुई या सगळ्याशिवाय जी जोडी पळेल ती पळेल आणि जी उभी राहील ती उभी राहील, हे जिथे चालतं तिथे मला हरकत नाही. तिथे बैलाला नकार देता येतो. पण असे पट मी फार कमी पाहिले, आणि जिथे पाहिले तिथे बक्षीस लहान होतं. ट्रॅक्टर, बुलेट, लाखांची रक्कम लागली की आवाजावर पळवणाऱ्याला घरी बसावं लागतं. पटाची नीती बिघडवायचं काम परंपरेपेक्षा बक्षिसाच्या आकड्याने जास्त केलंय. म्हणून तुमच्या कमिटीत तात्त्विक वाद घालू नका. बक्षीस किती ठेवताय ते विचारा.

आबांचा पहिला मुद्दा, पट बंद पडले तर बैल कोण पाळणार. हा मुद्दा मी फेकून देत नाही. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला तापी खिल्लार म्हणून खिल्लारचाच एक प्रकार होता, जळगाव जिल्ह्याच्या सीमेला निमाडी. आज धडधाकट, शुद्ध जोडी शोधायला जा, किती फिरावं लागतं ते कळेल. पटाच्या नादाने काही घरांत चांगले गोऱ्हे राखले जातात, हे खरं आहे. पण आकडा बघा. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान देशातला नर गोवंश सुमारे तीस टक्क्यांनी घटला. ज्या राज्यांत कधी शर्यतच नव्हती तिथेही घटला. बैल गेला तो ट्रॅक्टरमुळे, कडब्याच्या आणि सरकी ढेपीच्या भावामुळे, वाटण्या होऊन शेत एवढंसं झालं म्हणून. पट त्याला वाचवू शकत नाही, कारण पटाला लागणारे बैल मूठभर. त्यांना दूध, अंडी, बदाम मिळतात, आणि त्याच गावातला औताचा बैल उन्हाळ्यात बरगड्या मोजता येतील असा होतो. गोवंश राखायचा असेल तर त्या दुसऱ्या बैलाच्या चाऱ्याचं बोला.

आणि पटाचा बैल म्हातारा झाल्यावर? पाय गेला, वेग गेला, मग त्याला लाखाने कुणी घेत नाही. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. काही मालक मरेपर्यंत सांभाळतात, मेल्यावर शेतात पुरून वर झाड लावतात, अशी घरं आहेत आणि मी त्यांना हात जोडतो. बाकीचे बैल रात्रीतून गायब होतात. नाहीतर पांजरापोळीत येतात, जिथे आधीच जागा आणि चारा कमी असतो. एखाद्या खेळाकडे बघताना मी खेळाच्या दिवसापेक्षा त्याच्या नंतरची वर्षं बघतो. कमिटीला विचारा, मागच्या वेळी पहिला आलेला बैल आज कुठे आहे? उत्तर देता आलं तर ती माणसं बरी आहेत.

मटणाचा मुद्दा. आबांना एवढंच सांगा की प्रश्न चांगला आहे, पण तो उलटा लागू होतो. पोटासाठी जनावर मारणं योग्य की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे आणि तो मी इथे सोडवणार नाही. माझ्या घरीही खातात. शेतीसाठी जुंपणं योग्य की नाही, यावरही बोलता येईल. पण या तिन्हींत ज्याच्यावाचून कुणाचंच पोट अडत नाही ती करमणूक आहे. गरज जितकी कमी, तितका त्रास द्यायचा अधिकारही कमी. मोठ्या चुकीकडे बोट दाखवून छोटी चूक माफ होत नाही, आणि करमणुकीच्या वेळी ती बंद करणं तर सगळ्यात सोपं असतं. उपाशी कुणी राहत नाही.

तुमच्या बहिणीलाही माझा एक प्रश्न आहे. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे पळतात, तिथे चाबूकही असतो आणि पैजाही लागतात. शहरात तो प्रतिष्ठेचा दिवस असतो, टोप्या घालून लोक जातात. मग खान्देशातला शेतकरी विचारतो, "आमच्याच बैलावर तुमचा डोळा का?" त्याच्या रागात तथ्य आहे. गरिबाच्या खेळावर कायदा आधी पोहोचतो, श्रीमंताच्या खेळावर उशिरा. माकडवाला, अस्वल नाचवणारा दरवेशी, गारुडी यांच्यावर कारवाई झाली ती बरोबरच झाली असं जनावराचा डॉक्टर म्हणून मी म्हणेन. अस्वल, माकड, वाघ, सिंह, बिबट्या यांचे खेळ करायला १९९० च्या दशकातच बंदी आली. अस्वलाचं नाक तापलेल्या सळईने टोचून त्यात दोरी ओवत असत, त्यात चर्चेला जागाच नाही. पण त्या माणसांच्या हातात दुसरं काम किती ठिकाणी दिलं गेलं? जनावर सोडवलं आणि माणूस रस्त्यावर सोडला. नीतीची अर्धी बाजू तिथे राहून गेली. नंदीबैलाच्या बाबतीत तर मला अजूनही ठाम सांगता येत नाही. वेसण ओढून मान हलवायला लावतात, ते वाईटच. पण तोच बैल नंदीबैलवाल्याच्या कुटुंबाबरोबर पालात झोपतो, त्यांच्याआधी त्याला चारा मिळतो, आणि म्हातारा झाला तरी विकत नाहीत. हातातली वस्तू बघितली तर तो नापास होतो, उरलेली वर्षं बघितली तर तो आपल्या शर्यतीच्या बैलापेक्षा सुखी असतो.

बाकीच्या प्रकारांवर वेळ घालवत नाही. कोंबड्यांच्या झुंजी, मेंढ्यांच्या आणि हेल्यांच्या टकरी: केवळ करमणुकीसाठी जनावरं झुंजवणं १९६० पासून गुन्हा आहे, कोंबड्याच्या पायाला पातं बांधून त्याला परंपरा म्हणण्यात अर्थ नाही. नागपंचमीचा नाग: साप दूध पीत नाही, आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून समोर येईल ते पितो आणि मरतो. त्याचे दात काढलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं. पुंगी त्याला आपल्यासारखी ऐकू येत नाही, तो हलणाऱ्या हाताकडे बघत असतो. आणि हल्ली गारुड्याची जागा काही सर्पमित्रांनी घेतलीय. घरात निघालेला नाग पकडून सोडण्याआधी चौकात फणा काढायला लावायचा, लहान पोरांच्या गळ्यात धामण घालायची, रील टाकायचं. पुंगी गेली, मोबाइल आला.

पोळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बोलतो, कारण तो आपल्याकडचा सगळ्यात चांगला नमुना आहे. आदल्या दिवशी खांदेमळणी, खांद्याला तूप-हळद, सकाळी नदीवर आंघोळ, झूल, बाशिंग, पुरणपोळी, आणि त्या दिवशी जू नाही. माणसांची करमणूक होते, गाव जमतं, बैलाला सुट्टी मिळते. फक्त शिंगांना ऑइलपेंट लावू नका, शिंगाच्या मुळाची कातडी सोलते. आणि वेशीतून पोळा फुटताना कानाजवळ फटाके लावू नका. घाबरलेल्या बैलाखाली माणसं येतात. पुरणपोळीही एखादीच द्या. एकदम जास्त डाळ-गूळ पोटात गेला की दुसऱ्या दिवशी अपचनाचे बैल माझ्या दारात रांगेने उभे असतात.

आता बैठकीत काय बोलायचं. बहिणीचं किंवा आबांचं नाव घेऊ नका, खर्चाचं पत्रक पुढे करा. पटाला परवानगी, डॉक्टर, चित्रीकरण, अनामत, बक्षीस यावर जो खर्च होणार, त्यात खान्देशात मिळतात असे किती तरी कार्यक्रम बसतात. कुस्त्यांची दंगल ठेवा. वहीगायनाचा, म्हणजे आपल्या खान्देशी लोकगायनाचा, फड बोलवा, मंडळं कमी होत चालली आहेत आणि त्यांना सुपारी मिळत नाही. लोकनाट्य आणा. बारागाड्या तर आपल्याकडे माणूसच ओढतो, भगत कमरेला बांधून ओढतो आणि गाड्यांवर गाव बसलेलं असतं. ओढायचा थरार हवा असेल तर तो तिथे आहे, आणि भगत स्वतःच्या मर्जीने पुढे येतो. बैलांसाठी काही करायचंच असेल तर जोडीची स्पर्धा लावा, पण पळण्याची नाही. अंगावर मांस किती, खांद्याला घट्टे-जखमा किती, खूर कसे, शेपटी सरळ आहे का, वेसणीची जागा स्वच्छ आहे का, यावर गुण. पाहुण्या पुढाऱ्यांना बैलाच्या खांद्यावरून हात फिरवायला लावा. सगळ्यात वयस्कर, तरी चांगल्या स्थितीतल्या बैलाच्या मालकाला पहिलं बक्षीस द्या. असे मालक तुमच्या पंचक्रोशीत आहेत, त्यांना कुणी स्टेजवर बोलावत नाही.

कमिटीने ऐकलंच नाही आणि पट ठरलाच, तर बाहेर पडू नका. आत राहून तीन गोष्टी पदरात पाडून घ्या. बक्षीस रोख लाखांत नको. धाव सकाळी दहाच्या आत संपली पाहिजे, आणि यात्रा चैत्र-वैशाखात असेल तर पट त्या दिवसांत नकोच, पौष-माघात वेगळा घ्या. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करा, कमिटीचा नव्हे, तालुक्याबाहेरचा. शेपटीला हात लागलेला किंवा काठी उगारलेली दिसली की जोडी बाद, अपील नाही, कुणाचाही फोन घ्यायचा नाही. हा नियम परवानगीच्या अर्जाबरोबर लिहून द्या आणि आदल्या दिवसापासून माईकवर सांगा. पहिल्या तासात दोन-तीन नामांकित जोड्या बाद झाल्या की बाकीच्यांच्या हातातल्या काठ्या आपोआप गाड्यांत जातात. पहिल्या तासात एकही बाद झाली नाही, तर माईकवाल्याला थांबवा आणि त्या दोन माणसांना बाजूला घेऊन विचारा की तुम्ही बघताय काय.